तोच चित्रपट, वेगळी डिस्क

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' ज्यांनी पाहिला आहे, त्यांना विहिरीवरचा तो प्रसंग आठवत असेल. क्षितिजावर मृगजळ थरथरत असते आणि त्यात एक काळा ठिपका उमटतो. तो हळूहळू लांबट होतो, मग त्यातून उंट आणि उंटावरचा स्वार आकार घेतो, आणि स्वार विहिरीपाशी पोहोचेपर्यंत पडद्यावर दुसरे जवळपास काहीच घडत नाही. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी या दृश्यासाठी ४८२ मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग वापरले होते. जुन्या चित्रपटांच्या, घरी पाहण्यासाठी निघालेल्या आवृत्त्या पारखायच्या झाल्या की मी सर्वांत आधी हा ठिपका शोधतो. तो नजरेला कधी पडतो, आणि पडल्यावर उंट वाटतो की पडद्यावरचा डाग, एवढ्यावरून त्या आवृत्तीबद्दल बरेच काही कळते.

हा चित्रपट १९६२ साली ६५ मिलिमीटर रुंदीच्या निगेटिव्हवर चित्रित झाला आणि त्याची चौकट उंचीच्या २.२० पट रुंद आहे. व्हिडिओ कॅसेटच्या काळात ही चौकट त्या वेळच्या जवळपास चौरस टीव्हीवर मावावी म्हणून बाजूंनी छाटली जाई. त्यात सुमारे ४० टक्के चित्र जात असे, आणि जे उरे त्यातही आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांइतका तपशील असे. वाळवंटाची रुंदी हीच या चित्रपटाची भाषा आहे, आणि तीच आधी कापली जात होती. डीव्हीडीवर पूर्ण चौकट परत आली, पण ४८० ओळींमधून वरखालच्या काळ्या पट्ट्या वजा केल्या की चित्राच्या वाट्याला साधारण ३९० ओळी येतात. तिथे तो ठिपका दिसतो, मात्र मृगजळाची थरथर आणि संक्षेपामुळे, म्हणजे डिस्कवर मावावी म्हणून चित्राची माहिती दाबून लहान केल्यामुळे, उमटणारे चौकोनी ठोकळे एकमेकांत मिसळून जातात आणि थरथर हवेची आहे की डिस्कची हे सांगता येत नाही. ब्लू-रेवर चित्राला सुमारे ८७० ओळी मिळतात, तर फोर-के, म्हणजे सुमारे चार हजार बिंदू रुंदीच्या चित्राच्या, डिस्कवर सुमारे १,७४५.

२०१२ सालचा ब्लू-रे ज्या रिस्टोरेशनवरून, म्हणजे जुन्या फिल्मच्या दुरुस्ती आणि पुनरुज्जीवनाच्या कामावरून, तयार झाला, त्यासाठी मूळ निगेटिव्हचे आठ-के (सुमारे आठ हजार बिंदू रुंद) स्कॅनिंग करून पुढचे काम फोर-के दर्जात झाले होते. निगेटिव्हच्या लेपाला उष्णतेमुळे बारीक उभ्या भेगा पडल्या होत्या. आकाश आणि वाळू यांच्या सपाट पृष्ठांवर त्या उठून दिसत आणि त्या संगणकावर भरून काढाव्या लागल्या. या ब्लू-रेवर ठिपका पहिल्यांदा उंटासारखा चालताना दिसतो. २०२० मध्ये आलेल्या फोर-के डिस्कवर चित्रपट मध्यंतरापाशी तोडून दोन डिस्कवर ठेवला आहे, त्यामुळे दर सेकंदाला चित्रासाठी भरपूर माहिती देता येते. मृगजळातील हवेचे थर तिथे वेगवेगळे दिसतात. तरीही मोकळेपणाने सांगायचे तर डीव्हीडीकडून ब्लू-रेकडे येताना जो फरक पडला, तो ब्लू-रेकडून फोर-केकडे जाताना पडत नाही. ज्यांच्याकडे २०१२ ची डिस्क आहे आणि पडदा मध्यम आकाराचा आहे, त्यांनी नवीन घेण्याची घाई करू नये.

हे आकडे आधी दिले ते मुद्दाम, कारण पुढचा सगळा विषय आकड्यांच्या मर्यादेचा आहे. खोक्यावर छापलेला आकडा भांड्याचे माप सांगतो. भांड्यात काय ओतले आहे ते त्यावरून कळत नाही. मूळ निगेटिव्ह वापरली की चौथ्या पिढीची, म्हणजे प्रतीच्या प्रतीवरून काढलेली, प्रिंट, रंग कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, चित्रातले कण ठेवले की पुसले, ध्वनी मूळ मिश्रणाचा (संवाद, संगीत आणि परिणाम एकत्र करून तेव्हा बनवलेला) आहे की नव्याने केलेला, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दोन आवृत्त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. 'नवी ती चांगली' हा समज जुन्या चित्रपटांच्या बाबतीत मी इतक्या वेळा खोटा ठरताना पाहिला आहे की, आता नवी आवृत्ती आली तरी जुनी डिस्क लगेच कुणाला देऊन टाकत नाही.

तुलनेपूर्वी टीव्ही नीट लावावा लागतो, याबद्दल दोन वाक्ये आवश्यक आहेत. कारखान्यातून येताना बहुतेक टीव्हींवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय, कृत्रिम धारदारपणा आणि गोंगाट कमी करणारी सोय चालू असते. त्या तिन्ही बंद करून चित्र 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' या पर्यायावर ठेवले नाही, तर आपण डिस्क पाहत नसून टीव्हीने त्या डिस्कवर केलेले काम पाहत असतो. एकच प्रसंग, तीच खोली, तोच अंधार आणि तेवढेच अंतर ठेवून मी आवृत्त्या पाहतो, आणि शक्यतो चेहरा, पाऊस आणि रात्र असे तीन प्रकारचे प्रसंग निवडतो, कारण वाईट काम लपत नाही ते याच तीन ठिकाणी.

आता सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीकडे येतो. रिस्टोरेशन म्हणजे काय हे कुणाला दाखवायचे झाले तर मी दुसरे उदाहरण देणार नाही. 'पथेर पांचाली' १९५५ चा, 'अपराजितो' १९५६ चा आणि 'अपूर संसार' १९५९ चा. १९९२ मध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळाले, आणि त्यानंतर त्यांच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जतनाच्या कामासाठी लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेत गेल्या. १९९३ मध्ये तिथे आग लागली आणि या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या, वितळल्या, एकमेकींना चिकटल्या. जे उरले ते कोणत्याच यंत्रावर चढवता येण्यासारखे नव्हते. तरीही ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या चित्रपट-संग्रहालयाने ते अवशेष फेकून न देता डब्यांत जपून ठेवले. वीस वर्षांनी जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियन कलेक्शन या कंपनीने हे काम हाती घेतले आणि ते डबे इटलीतील बोलोन्याच्या 'लिम्माजिने रित्रोव्हाता' या प्रयोगशाळेत गेले. ठिसूळ झालेल्या फिती रासायनिक द्रावणाने ओलसर करून उलगडल्या गेल्या, वितळलेला चिकटपट्टीचा आणि मेणाचा थर काढला गेला, कडांची भोके हातांनी नव्याने जोडली गेली. या हातकामालाच जवळपास एक हजार तास लागले. शेवटी 'पथेर पांचाली'चा सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरूनच मिळवता आला. 'अपूर संसार'ची निगेटिव्ह मात्र वाचवता आली नाही. उरलेले सगळे निरनिराळ्या संग्रहालयांतील फाइन-ग्रेन मास्टर (मूळ निगेटिव्हवरून काढलेल्या बारीक कणांच्या प्रती) आणि दुय्यम निगेटिव्ह जमवून भरले गेले.

हा इतिहास सांगितला कारण तो डिस्कवर डोळ्यांनी दिसतो. २०१५ चा ब्लू-रे आणि २००३ ची डीव्हीडी मी एकापाठोपाठ लावली. डीव्हीडीवर 'पथेर पांचाली'तल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनचा चेहरा म्हणजे एक करडा गोळा आणि त्यात दोन काळे डोळे. ब्लू-रेवर त्याच चेहऱ्यावर सुरकुतीशेजारी सुरकुती वेगळी दिसते, खालच्या ओठाची थरथर दिसते, आणि फाटक्या पदराचा पोत कातडीच्या पोताहून निराळा आहे हेही दिसते. काशफुलांच्या शेतातला आगगाडीचा प्रसंग डीव्हीडीवर पांढऱ्या धुक्यासारखा होता, कारण उजळ भाग जळून सपाट झाले होते. नव्या प्रतीत प्रत्येक तुरा वाऱ्यावर आपापल्या गतीने झुकतो, आणि त्यामागून जाणारा काळा धूर काळाच राहतो, मातकट होत नाही. या चित्रपटांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांच्या कामाबद्दल इतके लिहिले गेले आहे, पण त्यातले निम्मे तरी लेखन करणाऱ्यांना त्या वेळी उपलब्ध असलेल्या प्रतींमध्ये हे सारे दिसत नसणार. त्यांनी उरलेले मनाने भरले असणार, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो.

लक्ष देऊन पाहणाऱ्याला नव्या प्रतीतले सांधेही जाणवतात. काही ठिकाणी एका शॉटवरून पुढच्या शॉटवर जाताना कण जाड होतात, काळा किंचित उघडा पडतो, चित्र जरा मऊ होते. तिथे बहुधा जळालेला तुकडा संपून दुय्यम प्रत सुरू झालेली असते. हे सांधे रंगसफेदी करून लपवले नाहीत, याबद्दल मी या कामाला सर्वांत जास्त गुण देतो. सगळ्या शॉटना एकाच पातळीवर आणायचे तर चांगल्या शॉटना खाली ओढावे लागले असते. 'अपूर संसार' पूर्णपणे दुय्यम साधनांवरून असल्याने त्याचे चित्र पहिल्या दोन चित्रपटांच्या सर्वोत्तम भागांइतके खुलत नाही, पण ते अधिक एकसंध आहे. नंतर याच कामाची फोर-के डिस्कही आली. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्हवरून आलेल्या भागांत तिचा फायदा दिसतो, कण अधिक बारीक आणि नैसर्गिक वाटतात. 'अपूर संसार'मध्ये मला फरक शोधावा लागला.

या कणांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण अनेकांना ते दोष वाटतात. फिल्मवरचे चित्र चांदीच्या, आणि रंगीत फिल्मवर रंगद्रव्याच्या, सूक्ष्म कणांनीच बनलेले असते. कण हे चित्रावर बसलेली धूळ नव्हे, चित्र ज्याचे बनते ते द्रव्यच ते. कण पुसले की त्यांच्याबरोबर केस, कापडाची वीण आणि कातडीची रंध्रेही पुसली जातात. 'स्पार्टाकस'चा २०१० सालचा ब्लू-रे याचे ठळक उदाहरण आहे. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर चित्रित झालेला १९६० सालचा इतका भव्य चित्रपट, पण जुन्या स्कॅनवर कण पुसण्याची प्रक्रिया इतकी चढवलेली की माणसे मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसतात. त्यावर टीका झाली, आणि रिस्टोरेशनतज्ज्ञ रॉबर्ट हॅरिस यांच्या देखरेखीखाली झालेल्या नव्या रिस्टोरेशनवरून २०१५ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. दोन्ही डिस्क ब्लू-रेच, दोन्हींच्या खोक्यांवर १०८० हाच आकडा. नव्या डिस्कवर ढालींवरचे ओरखडे आणि सैनिकांच्या कपाळांवरचा घाम दिसतो. जुनीवर ढाल आणि कपाळ एकाच पदार्थाचे वाटतात. जुनी डिस्क अजूनही वापरलेल्या मालात सर्रास मिळते, त्यामुळे घेण्याआधी आवृत्तीचे वर्ष तपासावे.

'प्रिडेटर'चे उलटे झाले. पहिला ब्लू-रे कणांनी भरलेला, काहीसा ओबडधोबड होता, आणि २०१० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते सगळे इतके स्वच्छ धुतले गेले की घामाने निथळणारे जंगलातले सैनिक प्लास्टिकचे झाले. इथे जुनी आवृत्तीच जवळ ठेवण्यासारखी आहे.

रंगांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे चूक आणि मतभेद यांतली सीमा पुसट असते. 'द फ्रेंच कनेक्शन'चा २००९ सालचा ब्लू-रे दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांनी स्वतः देखरेख करून तयार करवून घेतला. त्यांनी चित्राची कृष्णधवल प्रत घेऊन तिच्यावर मऊ केलेले, किंचित पसरलेले रंग बसवले. परिणाम असा झाला की रंग वस्तूंच्या कडा ओलांडून बाहेर झिरपताना दिसतात, आणि १९७१ सालच्या त्या रोखठोक, कोरड्या छायाचित्रणावर एक विचित्र निळसर-जांभळी झाक येते. छायाचित्रकार ओवेन रॉइझमन यांनी याला उघडपणे विरोध केला. २०१२ मध्ये रॉइझमन यांच्या सहभागाने रंग पुन्हा ठरवले गेले आणि नवी डिस्क निघाली. दिग्दर्शकाला आपल्या चित्रपटावर पुन्हा हात फिरवण्याचा अधिकार आहे का, हा वाद इथे मिटणार नाही. माझे मत स्पष्ट आहे: १९७१ मध्ये प्रेक्षकांनी पडद्यावर जे पाहिले त्याच्याशी जी प्रत अधिक जुळते ती आधी उपलब्ध हवी, आणि बदललेली प्रत तिच्या शेजारी असायला हरकत नाही. २००९ च्या डिस्कबद्दल माझी तक्रार एवढीच की त्या काळात ब्लू-रेवर दुसरा पर्याय नव्हता.

अलीकडच्या काही रिस्टोरेशनांमध्ये वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या छायाचित्रकारांचे चित्रपट एकाच पिवळसर किंवा हिरवट झाकेत न्हाऊन निघालेले दिसतात, हीदेखील काळजीची गोष्ट आहे. पांढरा सदरा, ढग किंवा डोळ्यांतला पांढरा भाग पाहिला की ही झाक पटकन ओळखू येते. उलट टेक्निकलरच्या तीन-फितींच्या पद्धतीने चित्रित झालेल्या 'द रेड शूज'चे २००९ मधील रिस्टोरेशन रंगांच्या बाबतीत आदर्श मानावे असे आहे. या पद्धतीत लाल, हिरवा आणि निळा यांसाठी तीन स्वतंत्र निगेटिव्ह असतात. १३४ मिनिटांच्या चित्रपटाच्या, सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने, १ लाख ९३ हजारांच्या आसपास चौकटी होतात आणि तीन फितींच्या मिळून पावणेसहा लाखांहून अधिक. तिन्ही फिती वेगवेगळ्या प्रमाणात आकसलेल्या आणि बुरशीने खाल्लेल्या होत्या. जुन्या प्रतींमध्ये फिती तंतोतंत न जुळल्याने लाल बुटांच्या कडेला रंगीत सावली दिसे. नव्या प्रतीत त्या बुटांची रेशमी चकाकी लालच राहते आणि तिच्या कडेला काळोख सुरू होतो तो एका झटक्यात.

फोर-के डिस्कबरोबर आलेल्या एचडीआरविषयी, म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतले अंतर वाढवणाऱ्या तंत्राविषयी, मात्र सावध राहावे. चित्रपटगृहातल्या पडद्यावर फिल्मचा उजेड साधारण ५० निटच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) घरात असे, आणि आजचे टीव्ही सहज त्याच्या दहा-वीस पट उजेड देतात. जुन्या चित्रपटावर एचडीआर करणाऱ्याने ही ताकद हात आखडून वापरली तर दिव्याची ज्योत आणि पाण्यावरचा सूर्यप्रकाश यांना जी झळाळी येते ती फिल्मच्या प्रिंटवर खरोखर असे. हात सैल सोडला तर प्रत्येक खिडकी डोळ्यांत घुसते आणि उजळ भागांतले कण मुंग्यांसारखे वळवळू लागतात.

आतापर्यंत चित्राबद्दल लिहिले, कारण बहुतेक परीक्षणेही तिथेच थांबतात. ध्वनीवर चार ओळी लिहून विषय संपवला जातो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत मोठे नुकसान ध्वनीचेच झालेले असते. चित्र खराब असेल तर ते लगेच दिसते. आवाज बदललेला असेल तर मूळ आवाज ज्याने ऐकलेला नाही त्याला कळतही नाही.

'जॉज'चे उदाहरण घ्या. १९७५ चा हा चित्रपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीतून येणाऱ्या, ध्वनीचा होता आणि त्याच मोनो मिश्रणाला ध्वनीसाठीचे ऑस्कर मिळाले. २००० साली निघालेल्या डीव्हीडीवर मात्र नवे सहा वाहिन्यांचे मिश्रण दिले गेले, काही ध्वनिपरिणाम नव्याने बसवले गेले, आणि पारितोषिक मिळालेले मूळ मिश्रण त्या डिस्कवर नव्हतेच. पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते परत आले. २०१२ च्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत, आणि मी प्रत्येक वेळी मोनोच लावतो. पाण्याचा चुबकणारा आवाज, माणसांचे बोलणे आणि संगीत हे तिन्ही समोरच्या एकाच जागेवरून येतात तेव्हा ते एकमेकांशी झगडतात, आणि त्या झगड्यातूनच भीती निर्माण होते. तेच आवाज खोलीभर विखुरले की ऐसपैस वाटतात, आणि या चित्रपटाला ऐसपैसपणा मारक आहे.

'व्हर्टिगो'ची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९९६ साली रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी केलेल्या रिस्टोरेशनमध्ये बर्नार्ड हरमन यांच्या संगीताची मूळ मुद्रणे वापरून ते स्टिरिओत आणले गेले, आणि हे फार मोठे काम होते. त्या संगीताचे गोल फिरणारे स्वर मोकळे झाले की ऐकणाऱ्यालाही घेरी येते. पण त्यासाठी पावले, दारे, गाड्या, बंदुकीचे बार असे परिणाम नव्याने मुद्रित करावे लागले. सुरुवातीचाच छपरांवरचा पाठलाग ऐका: नव्या मिश्रणात बार खणखणीत, जवळचे आणि स्पष्टपणे वेगळ्या काळातले वाटतात, आणि मूळ मोनोमध्ये ते कोंदट, दूरचे आणि रात्रीच्या हवेत विरणारे आहेत. पहिल्या डीव्हीडीवर केवळ नवे मिश्रण होते. नंतरच्या आवृत्त्यांत मूळ मोनोही मिळू लागले. संगीतासाठी नवे मिश्रण आणि चित्रपटासाठी जुने, असा माझा स्वतःपुरता निकाल आहे. मात्र डिस्क सुरू केल्यावर ध्वनीच्या यादीत जाऊन मोनो स्वतः निवडावा लागतो. आपोआप लागते ते नवे.

मोनो असला तरी तो कसा आहे हेही पाहावे लागते. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून फिल्मच्या कडेवरची ध्वनिपट्टी वाजवताना वरचे स्वर मुद्दाम खाली उतरवले जात, जेणेकरून पट्टीची खरखर प्रेक्षकांना ऐकू येऊ नये. आज तीच पट्टी स्वच्छ करताना खरखर पूर्ण पुसायचा मोह होतो, आणि खरखरीबरोबर श्वास, कापडाची सळसळ आणि खोलीची पोकळीही जाते. संवादांमधल्या शांततेत ध्वनी अचानक पूर्ण मेल्यासारखा वाटला, तर तिथे नको इतकी साफसफाई झाली आहे असे खुशाल समजावे. 'पथेर पांचाली'त अपूची बहीण दुर्गा तारेच्या खांबाला कान लावते तेव्हा येणारी गुणगुण ही त्या खरखरीच्या अगदी शेजारची आहे. २०१५ च्या प्रतीत मागे हलकी खरखर ठेवली आहे, म्हणूनच ती गुणगुण जिवंत आहे. त्याच चित्रपटात अपूचे वडील हरिहर परतल्यावर आई सर्वजयेचा आक्रोश तारशहनाई या वाद्याच्या स्वरांत बुडतो. जुन्या डीव्हीडीवर ते उंच स्वर फाटून कानाला टोचत, नव्या प्रतीत त्यांचा ताण कायम आहे पण ते फाटत नाहीत. हा एक मिनिट ऐकूनच मी जुनी डिस्क कायमची बाजूला ठेवली.

आणखी एक दोष सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ चौकटींनी चालवला जाई. चार टक्क्यांची ही घाई डोळ्यांना जाणवत नाही, पण आवाजाची उंची दुरुस्त केली नाही तर सूर अर्ध्या स्वराहून किंचित कमी इतका वर चढतो. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हा फरक अस्वस्थ करतो. ओळखीचा अभिनेता अकारण तरुण आणि चिडका वाटू लागतो. २०७ मिनिटांचा चित्रपट अशा डिस्कवर १९९ मिनिटांत संपतो, आणि कुणाला वाटते की काही प्रसंग कापले आहेत. माझ्या संग्रहातल्या अशा डिस्क मी आता केवळ त्यांच्यावरच्या मुलाखतींसाठी ठेवल्या आहेत.

तो २०७ मिनिटांचा चित्रपट म्हणजे अकिरा कुरोसावा यांचा जपानी 'सेव्हन समुराई'. त्याची मूळ निगेटिव्ह शिल्लक नाही, त्यामुळे प्रत्येक आवृत्ती पुढच्या पिढीच्या साधनावरूनच आलेली आहे. १९९८ ची डीव्हीडी, २००६ ची चित्रपट दोन डिस्कवर विभागलेली डीव्हीडी, २०१० चा ब्लू-रे आणि २०२४ ची फोर-के डिस्क अशा चार पायऱ्या मी पाहिल्या आहेत आणि इथे मात्र प्रत्येक पायरी वरचीच आहे. शेवटची पावसातली लढाई कोणत्याही संक्षेपाची परीक्षा पाहते, कारण पावसाच्या रेषा, उडणारा चिखल, घोड्यांचे पाय आणि फिल्मचे कण हे सगळे दर चौकटीला बदलते आणि संगणकाला आधीच्या चौकटीतून उचलण्यासारखे काहीच सापडत नाही. डीव्हीडीला सेकंदाला जास्तीत जास्त १० मेगाबिटच्या आत भागवावे लागे, ब्लू-रेला ४० पर्यंत मुभा आहे, फोर-के डिस्कला १०० च्या वर. इंटरनेटवरून येणारी फोर-के प्रत बहुधा १५ ते २५ मध्ये बसवलेली असते, आणि या लढाईत ती ब्लू-रेपेक्षा मागे पडते. पाऊस रेषांचा न राहता करड्या पडद्यासारखा होतो. २०२४ च्या डिस्कवर तोशिरो मिफुने चिखलात रोवलेल्या तलवारींपैकी एक उपसतो तेव्हा पात्यावरून ओघळणारे पाणीसुद्धा दिसते.

ध्वनीत एवढी मजल मारता आलेली नाही, आणि त्याला डिस्क करणाऱ्यांचा इलाज नाही. १९५४ ची ध्वनिपट्टी गर्दीच्या ओरड्यात तेव्हाच काठोकाठ भरली होती. नव्या डिस्कवरचा असंक्षेपित मोनो तिला सजवत नाही. गावकरी एकदम ओरडतात तिथे आवाज आजही खरखरतो. पण लढाई संपल्यावर, भाताच्या लावणीच्या प्रसंगात, पुरुषांच्या ढोलाचा ठेका आणि बायकांचे गाणे वेगवेगळे ऐकू येतात, आणि ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मधे चिखलात पाय ओढल्याचा आवाजही येतो. आधीच्या तिन्ही आवृत्त्यांवर मी हा प्रसंग अनेकदा ऐकला आहे, आणि तो पायांचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला.